धाकूदादांचा मुका माल

धाकू पांचाळ ज्या छर्ऱ्यांना शिवी देत, ते छर्रे रत्नागिरीत हातोहात खपत. ज्यांची ते पाठ थोपटत, त्यांना कोणी हात लावत नसे. गावातल्या सायकलवाल्यांना, पिठाच्या गिरणीवाल्याला आणि सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरांना हे पक्कं ठाऊक होतं. मी गावात नवा होतो, म्हणून मला ठाऊक नव्हतं, आणि त्याची शिक्षा माझ्या सायकलने भोगली.

छर्रे म्हणजे सायकलच्या चाकात, आसाभोवतीच्या वाटीत बसवलेल्या पोलादी गोळ्या. त्यांच्यावर चाक फिरतं. त्या काळात विलायती छर्रे महाग असत. मग मुंबईहून बोटीने जपानी माल उतरू लागला. कागदाच्या पुडीत, दिसायला तसाच चकचकीत, आणि इतका स्वस्त की घेणाऱ्यालाच लाज वाटावी. पण एकाच पुडीत सज्जन आणि चोर शेजारी शेजारी बसलेले असत. ते निवडून काढणारा माणूस सबंध बंदरात एकच, धाकूदादा.

त्यांची परीक्षा बघायला मी मुद्दाम दुकानात जाऊन बसत असे. आधी सगळा माल घासलेटात धुवायचा. "मास्तर, ग्रीस म्हणजे लग्नातली हळद हो. नवरी चार दिवस गोरी दिसते. धुवून बघावी." मग देवाच्या तसबिरीची जुनी काच किंचित तिरपी ठेवायची आणि तिच्यावरून एकेक छर्रा सोडायचा. जो गोल असेल तो सरळ खाली येई. जो गोल नसेल तो शिमग्यातल्या सोंगासारखा झुलत काचेच्या कडेने पडे. मग तो ऐरणीवर टाकायचा. कडक पोलाद टण्णकन उसळून हातात परत येई, मऊ असेल ते थप्प करून बसे. मग कानस फिरवायची. कानस घसरली तर माल खरा, कानसेने चावा घेतला तर खोटा. शेवटी छर्रे वाटीत बसवून, वंगण न घालता चाक फिरवायचं आणि कान जवळ न्यायचा.

इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं चाले. पण चाक निःशब्द फिरलं, लोण्यातून सुरी जावी तसं फिरत राहिलं, की दादांचा चेहरा पडे.

"मुकं हाय मेलं!" असं म्हणून ते सगळे छर्रे खोबरेल तेलाच्या जुन्या डब्यात फेकून देत.

आणि चाक करकरलं, दात खाल्ल्यासारखा आवाज आला, की दादा मान हलवत. "हां. हे बोलतंय. हे घ्या तुम्ही."

मी भाबडेपणाने ते घेतले. दुसऱ्या दिवसापासून माझी सायकल बोलू लागली. शाळेच्या चढावर मी दिसण्याआधी ती ऐकू येई, आणि मी वर्गात पाऊल टाकी तेव्हा पोरं पुस्तकात नाकं खुपसून बसलेली असत. "मास्तर, तुमच्या वर्गाला शिस्त फार," असं हेडमास्तर म्हणाले. ती शिस्त दादांच्या छर्ऱ्यांची होती.

शेवटी इस्माईल ड्रायव्हरने मला शहाणं केलं. "मास्तर, दादा देतात ते घ्यायचं नाय. दादा फेकतात ते मागायचं. आमची मोटार त्याच डब्यावर चालते."

तोच प्रयोग त्याने माझ्यासमोर केला. "दादा, वाईच डब्यातले द्या की."

"मुके हायत ते."

"असूं देत. आमचं नशीब."

"मी हाताने देणार नाय. तुझ्या हाताने काढून घे," असं म्हणून दादा तोंड फिरवून बसले. इस्माईलने डब्यात हात घातला, अर्धी किंमत गल्ल्यापाशी ठेवली आणि मला डोळा मारून निघून गेला. सगळ्यात चांगला माल अर्ध्या किमतीत विकणारा दुसरा दुकानदार मी आयुष्यात पाहिला नाही.

दादा माझे शेजारी. त्यांचं दुकान पुढे, घर मागे, आणि घरामागे विहीर. तिचं पाणी आम्ही दोन्ही घरं भरत असू. विहिरीवर जुना लाकडी रहाट होता. पहाटे दादा पाणी काढायला लागले की तो रहाट असा आक्रोश करी की कोणाचं तरी माणूस गेलं असं नवख्याला वाटावं. मी एकदा म्हणालो, "दादा, जगाची चाकं तुम्ही दुरुस्त करता. ह्या रहाटाला थोडं तेल नाही का घालायचं?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांच्या घराला काडी लावायला निघालो होतो. पुढे दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

घराची दारं किरकिरत. पाटाच्या पायाला मुद्दाम खुंटी सैल ठेवलेली, म्हणजे बसलं की तो कुईं करी. दुकानात एक मांजर होतं, त्याच्या गळ्यात घुंगरू. "मांजर म्हणजे वंगण घातलेला प्राणी हो. कधी येतं, कधी जातं, कळत नाय. बरं नव्हे ते," असं दादा म्हणत.

बायको नव्हती. म्हणजे होती, पण मंडणगडकडे माहेरी. का, ते कोणी नीट सांगत नसे. "त्या करकरीला कंटाळून पळाली," असं गिरणीवाले म्हणत आणि हसत. दरवर्षी शिमगा झाला की दादा दुकान बंद करून तिकडे जात आणि आठवडाभराने एकटेच परत येत. आल्यावर काही दिवस त्यांच्या डब्यात फार माल पडे. गोल असो, वाकडा असो, सगळ्यालाच शिव्या बसत.

एका वर्षी दादांच्या पायात नारूचा जंत झाला. पाय सुजून खांबासारखा झाला, तरी शिमग्यानंतर त्यांनी बोचकं बांधलं. मला शाळेला सुट्टी होती. "मी येतो बरोबर," असं मी म्हणालो. ते नको म्हणाले, पण उंबऱ्यावरून उतरताना कळवळले आणि मुकाट्याने बोचकं माझ्या हातात दिलं. त्यात एक लुगडं, सुकी कोलंबी आणि खारवलेले बांगडे होते. डोंगरातल्या माणसांना समुद्राची चव कुठली, म्हणून.

बोटीने आम्ही हर्णैला उतरलो, दापोलीपर्यंत मोटार मिळाली, पुढे बैलगाडी. वाटेत दादा एक शब्द बोलले नाहीत. गाडीचं चाक मात्र सबंध वाट बोलत होतं, आणि दादा तेवढं कान देऊन ऐकत होते.

गाव डोंगराच्या कुशीत होतं. घर दिसायच्या आधी एका वळणावर दादांनी गाडी थांबवली. खाली उतरून ते मोठ्याने खोकले, काठी दगडावर आपटली, पुन्हा खोकले.

"आलात वाटतं!" पलीकडून बाईचा खणखणीत आवाज आला.

पारूवैनी ओटीवर भिंतीला धरून उभ्या होत्या. हाडकुळ्या, उजळ, एक पाय आखूड. डोळ्यांत हसू. मी ज्या पळून गेलेल्या कजाग बाईची कल्पना केली होती, तिचा मागमूसही तिथे नव्हता. त्यांच्या भावाने "या दाजी" म्हटलं, पाय धुवायला पाणी दिलं आणि तो जास्त काही न बोलता गोठ्याकडे गेला.

संध्याकाळी दादा भावाबरोबर कोणा नारूचा दोरा काढणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेले. वैनी सुपात तांदूळ निवडत होत्या. मी जवळच टेकलो होतो. त्यांनीच विचारलं, "रहाट करकरतो काय हो अजून?"

"करकरतो! आळीची झोपमोड करतो."

त्या खाली बघूनच बोलू लागल्या.

"मला फेपरं येतं मास्तर. उभ्याउभ्या शुद्ध जाते, झटके येतात. ल्हानपणापासून. आमच्या लोकांनी लग्नात लपवलं. ह्यांना महिन्याभराने कळलं. दुसरा असता तर परत धाडली असती. हे म्हणाले, बरं, आपण वाईच लक्ष ठेवू. लक्ष कसं ठेवणार? दुकान पुढं, मी मागं. तर हे कान ठेवायचे. मी पाणी काढायची तेव्हा रहाट करकरायचा. मधेच थांबला की हे हातातलं टाकून धावत यायचे. मी बोलत उभी असायची कोणाशी, नाहीतर नुसती दमलेली. मला हसू यायचं. बायका चिडवायच्या, तुझा नवरा रहाटाला बांधलाय."

"मग?"

"रहाट जड. माझे हात सोलून निघायचे. मीच मागं लागले. म्हटलं, जगाची चाकं लोण्यासारखी करता, माझा रहाट तेवढा रडतो. मीच म्हटलं हो. तेव्हा ह्यांनी मोडक्या मोटारीच्या वाट्या आणल्या, आणि कुठले कुठले छर्रे. दिवाळीभर निवडत बसले होते. काचेवरून सोडायचे, ऐरणीवर टाकायचे. मी पणत्या लावतेय आणि हे घासलेटात हात घालून बसलेत. पण रहाट केला काय! एका बोटाने फिरायचा. फुलपाखरू बसलं तर फिरला असता. आळीतल्या बायका बघायला आल्या. आवाज म्हणून नाय."

सूप त्यांच्या मांडीवर स्थिर होतं.

"पुढं वैशाखात, दुपारच्या वेळी मला फेपरं आलं. विहिरीच्या पाळीवरून आत गेले. पाणी कमी होतं म्हणून बुडले नाय. खडकावर मांडी मोडली. वर हे हाकेच्या अंतरावर दुकानात. मला हाक मारायची शुद्ध नव्हती, आणि रहाट तर बोलत नव्हता. शेजारीण कळशी घेऊन आली तेव्हा तिला दिसले. भाऊ आले, रागारागात मला डोलीत घालून घेऊन आले. हे एका शब्दाने नको म्हणाले नाय. त्यांना वाटलं, भाऊ म्हणतायत ते खरंच हाय, ह्यांच्यामुळेच झालं."

"आणि आता?"

"आता काय. मला विहिरीची भीती नाय हो मास्तर. त्यांना हाय."

दादा परत आले तेव्हा मी त्यांच्याकडे नीट पाहू शकलो नाही. जेवणं झाल्यावर ते ओटीवर माझ्या शेजारी आडवे झाले आणि आपणहून म्हणाले, "सांगितलंन ना तिने?"

"हो."

"माल खोटा निघाला असता तर बरं झालं असतं. पण एक छर्रा खोटा निघाला नाय. मीच निवडले होते. नंतर ते उपसून टाकले आणि जुना रहाट परत चढवला." मग ते म्हणाले, "लोक डब्यातला माल नेतात आणि मला हसतात, ते मला कळत नाय असं नाय. नेऊ देत. माझ्या हाताने कोणाला दिला नाय म्हणजे झालं."

सकाळी निघताना ओटीवर एक गाठोडं दिसलं. आमचं नव्हतं. मी विचारलं, "हे कोणाचं?"

दादा जोड्याचा पट्टा आवळत राहिले. वैनी म्हणाल्या, "माझं. दरवर्षी बांधते, दरवर्षी सोडते."

दादांनी मान वर केली नाही. "बरं, येतो," असं म्हणून ते काठीवर भार टाकून उठले.

तेव्हा भाऊ गोठ्याच्या दारातून म्हणाला, "दाजी, न्यायची तर न्या. तेव्हा आम्ही रागानं आणली. आता राग कुणाला हाय?"

"आणि परत तसंच झालं तर?" दादा जवळजवळ ओरडले. त्यांचा आवाज इतका मोठा मी दुकानातही ऐकला नव्हता.

"झालं तर झालं," वैनी म्हणाल्या. "हितं येत नाय काय फेपरं? हितं विहीर नसली तर चूल हाय. मरायचं तर कुठंही मरेन. पण हितं मेले तर तुम्हाला कळायला शिमगा उजाडेल."

दादा पुन्हा ओटीवर बसले. गाडीवान कंटाळून दोनदा बैलांवर ओरडला. मग दादांनी ते गाठोडं उचललं, मला हातही लावू दिला नाही, आणि लंगडत लंगडत गाडीत नेऊन ठेवलं. परत येऊन त्यांनी वैनींपुढे खांदा केला. सुजलेला पाय आणि मोडका पाय अशी ती जोडी अंगणातून चालली तेव्हा भाऊ हसला, आणि मग घाईघाईने आत निघून गेला.

रत्नागिरीत आल्याबरोबर दादांनी विहिरीला जाड फळ्यांची झडप केली, तिला कुलूप लावलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. दोन्ही घरांचं पाणी तेच काढू लागले. पुरुषमाणूस कळश्या भरतो म्हणून बायका पदराआड हसत. दादांना त्याचं काही नव्हतं.

वैनी मागच्या दारात पाटावर बसत आणि बोलत. दिवसभर बोलत. मला आधी वाटलं, इतकी वर्षं साठलेलं बोलतायत. नंतर लक्षात आलं, ती त्यांनी दादांना दिलेली सोय होती. "ऐकलंत का? मांजरीने दूध सांडलं." दुकानातून उत्तर येई, "हं." "ऐकलंत का? पडवळाला फूल धरलंय." "हं." "आज उकाडा काय मेला." "हं." विषय संपले की त्या नुसत्या देवांची नावं घेत, त्यालाही "हं" येई. कधी त्या दम खायला थांबल्या की दुकानातली कानस थांबे, स्टूल सरके. लगेच वैनी म्हणत, "आहे हो, आहे!" आणि कानस पुन्हा सुरू होई.

एके दिवशी माझ्या सायकलचं चाक उघडलेलं होतं. दादांनी डबा पुढे ओढला, स्वतःच्या हाताने त्यातले छर्रे निवडले आणि वाटीत बसवू लागले.

"दादा, हे मुके ना?"

"असूं देत," ते खाली बघून म्हणाले. "घरात बोलणारं माणूस हाय."

माझी सायकल गप्प झाली. दुसऱ्याच दिवशी मी वर्गात शिरलो तेव्हा एक पोरगा टेबलावर उभा राहून माझी नक्कल करत होता. आणि इस्माईलची पंचाईत वेगळीच. "मास्तर, धंदा कसा करायचा? दादा खरं बोलायला लागले. आता कुठला माल घ्यायचा ते कळत नाय."

हे सुख फार दिवस टिकलं नाही. दुसऱ्या वर्षी श्रावणात, सकाळी, अंथरुणातच वैनींना फेपरं आलं. ते आलं ते उतरलंच नाही. दादा जवळ होते. डोकं मांडीवर घेऊन बसले होते, दातांत कापड दिलं होतं, सगळं जसं करायचं तसं केलं होतं. डॉक्टर आले, त्यांनी डोळे पाहिले आणि ते उठले. कोणाची काही चूक नव्हती. ह्या वेळी तर मुळीच नव्हती.

किनाऱ्यावरच्या स्मशानातून परतताना दादा मला म्हणाले, "मी होतो मास्तर. ह्या वेळी मी जवळ होतो." ते दोनदा म्हणाले.

बाराव्या-तेराव्यानंतर दुकान उघडलं. लोक पुड्या घेऊन येऊ लागले. दादा माल धूत, काचेवरून सोडत, ऐरणीवर टाकत, आणि चांगला एका बाजूला, वाईट दुसऱ्या बाजूला करून देत. बिनचूक. पण ना शिवी, ना शाबासकी. इस्माईल एकदा मुद्दाम म्हणाला, "दादा, हे मुके दिसतात हो." दादांनी त्याच्याकडे पाहिलं, पुडी बांधली आणि दिली. इस्माईल पूर्ण किंमत ठेवून गेला. जाताना त्याने मला डोळा मारला नाही.

दुकानात तासन् तास आवाज नसे. कानस चाले, थांबे. थांबली की स्टूल सरकल्याचा आवाज येई. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा कानस.

आमच्या घरात हे सगळं ऐकू येई. माझी बायको तशी अबोल. मोठ्या माणसांसमोर तर ती पदर पुढे ओढून भिंतीशी उभी राही. वैनींशी तिचा जीव जडला होता, पण तिथेही बोलण्याचं काम वैनींकडे, ऐकण्याचं हिच्याकडे. वैनी गेल्यावर ती माझ्यापाशी एकदाही त्याबद्दल बोलली नाही.

त्या दिवशी मी दुपारी जेवायला घरी आलो होतो. मला वाढून ती मागच्या दारात तांदूळ निवडायला बसली. पलीकडे कानस थांबली. स्टूल सरकलं.

बायकोने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, दादांच्या भिंतीकडे पाठ केली आणि समोरच्या पडवळाच्या मांडवाकडे बघत मोठ्याने म्हणाली, "दादा, बंदरावर बांगडा आलाय म्हणे आज."

माझा घास हातातच राहिला. लग्नानंतर इतका मोठा तिचा आवाज मी ऐकला नव्हता.

पलीकडून काही आलं नाही.

"स्वस्त आहे म्हणे," ती म्हणाली. "आणि आमच्या भोपळ्याला कीड लागलीय. राख मारली, तरी जात नाही."

सुपातले तांदूळ तिने उगाचच एकदा पाखडले. रस्त्यावरून एक गाडी गेली, तिचा आवाज वळणापाशी विरला.

मग भिंतीपलीकडून, घसा खाकरत, दादा म्हणाले, "हं."

बायकोने पदराने नाक पुसलं आणि भोपळ्याचं पुढचं सांगायला लागली.